भांड्यावरचे नाव

दिवाळी आठ दिवसांवर आली, की आमच्या स्वयंपाकघरातील मांडणीवरची सगळी भांडी खाली उतरतात. चिंच आणि राख यांचे दिवस आता गेले; पण भांडी उतरवण्याचा सोहळा अजून सासूबाईंच्या देखरेखीखालीच चालतो. त्या खुर्ची टाकून बसतात. मी एकेक भांडे पुसून त्यांच्या हाती देते, आणि त्या ते उलटे करून बुडावरचे नाव वाचतात. नाव वाचल्याखेरीज भांडे जागेवर जायचे नाही असा दंडक आहे. कारण दरवर्षी त्यांत दोन-तीन परकी भांडी निघतातच. गेल्या दिवाळीच्या फराळाबरोबर आलेली आणि परत जायची राहून गेलेली!

"ही बघ, जोशांची ताटली. वर्षभर आपल्याकडे नांदली की गं! आता रिकामी कशी द्यायची?"

रिकामे भांडे परत करायचे नाही, हा नियम तुमच्याही घरी असेलच. चकल्या आल्या तर करंज्या जाव्यात, करंज्या झाल्या नसतील तर दोन लाडू, आणि काहीच नसेल तर निदान चमचाभर साखर. लहानपणी मला वाटे, भांड्यावर नाव घालतात ते हौसेने. नवे भांडे घेतले, की दुकानदार विचारी, "नाव काय घालू?" मग त्याचे ते यंत्र टर्रर्र करीत फिरे, आणि वडिलांचे नाव ठिपक्याठिपक्यांनी उमटे. मला वाटे, एवढे सुंदर नाव, ते असे तळाशी का? वर, सगळ्यांना दिसेल असे का नाही? आई म्हणाली होती, "वर पदार्थ असतो, बाई."

या उत्तराचा अर्थ मला चाळिशीत कळला. आणि तोही भांड्यांमुळे नव्हे, पोस्टकार्डांमुळे. ती हकीकत आज सांगते.

मी एका तालुक्याच्या गावी शाळेत चित्रकला शिकवते. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. दहावीला आमच्या घरात अजून मॅट्रिकच म्हणतात. त्यावर चित्रकलेची पदविका, एवढीच काय ती पुंजी. लिहायचा नाद मात्र पहिल्यापासून. २०१८ साली माझी पहिली कादंबरी पुरी झाली. चार प्रकाशकांकडे जाऊन ती साभार परत आली. शेवटी मी ती स्वतःच छापायचे ठरवले. पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न घरात कोणी मोठ्याने विचारला नाही. एके दिवशी सासूबाईंनी आपल्या दोन बांगड्या माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, "या वयात हाताला जड होतात." एवढेच. त्या बांगड्यांच्या पाचशे प्रती झाल्या.

पाचशे हा आकडा ऐकायला लहान वाटतो. पण पाचशे प्रती टेम्पोतून उतरून दारात उभ्या राहतात, तेव्हा त्यांचा डोंगर दिसतो. वर्षभरात त्यांतल्या त्रेसष्ट गेल्या. यांत माहेर, सासर, शाळा आणि आमच्या ह्यांचे कचेरीतले स्नेही आले. बाकीचे गठ्ठे दिवाणाखाली. रात्री दिवाणावर अंग टाकले, की वाटे, आपण सासूबाईंच्या बांगड्यांवर निजतो आहोत. त्या एका शब्दाने कधी बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

शाळेतल्या एका सहकारी बाईंनी मला उपाय सांगितला. म्हणाल्या, "अहो, तुम्हांला ओळखतो कोण? आधी लोकांच्या नजरेत या. दिवाळी अंक निघाले, की त्यातल्या लेखकांना पत्रे पाठवा. त्यांच्या कथा आवडल्या म्हणून लिहा. खाली तुमचे नाव, कादंबरीचे नाव, किंमत आणि पत्ता. दहांतले दोघे तरी पुस्तक मागवतील. लेखकाला पत्र आवडत नाही, असा लेखक अजून जन्माला यायचा आहे!"

मला ते पटले. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाच्या फराळात हा एक पदार्थ वाढला आहे. प्रत्येक अंकात पंधरा-वीस लेखक, आणि असे कितीतरी अंक. एवढी माणसे आपल्या लिखाणाबद्दल कोणी दोन शब्द लिहील का, म्हणून पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली असणार! निदान मी तरी बसत असे.

२०१९ च्या दिवाळीनंतर मी पोस्टात गेले आणि शंभर कार्डे मागितली. पोस्टकार्ड आपल्या देशात निघाले ते १ जुलै १८७९ रोजी, पाव आण्याला. मी घेतले तेव्हा ते पन्नास पैशांना होते. इतक्या वर्षांत एवढे कमी महागलेले दुसरे काही मला ठाऊक नाही. खिडकीतले गृहस्थ चमकले. "बाई, स्पर्धेसाठी हवी आहेत का? त्याची कार्डे वेगळी असतात, दहा रुपयांना एक."

"स्पर्धा कसली? साधी पत्रे आहेत," मी म्हटले. आज वाटते, त्या गृहस्थांनी मला बरोबर ओळखले होते.

येताना रबरी शिक्का करून आणला. त्यात माझे नाव, नावापुढे 'कादंबरीलेखिका', मग कादंबरीचे नाव, किंमत, घरपोच मिळण्याचा पत्ता आणि शेवटी सहा आकडी पिनकोड. ही पिनकोडाची पद्धत बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. टपालखात्यातले हे मोठे अधिकारी स्वतः संस्कृतातले कवी होते. पत्र चुकू नये म्हणून एका कवीने केवढी सोय करून ठेवली. आणि त्या सोयीचा माझ्यासारख्या गद्य बाईने काय उपयोग केला पाहा!

रोज रात्री जेवणे आटोपली, की मी पाच कार्डे घेऊन बसे. पहिल्या दोन कथा मी खरोखर वाचल्या. तिसरी अर्धी वाचली. पुढे लक्षात आले की वाचत बसले तर शंभर कार्डे होळीपर्यंत संपायची नाहीत. मग मी एक मजकूर बेतला. "आपली कथा वाचली. मनाला भिडली. व्यक्तिरेखा जिवंत आहेत. भाषा ओघवती. शेवट तर विलक्षणच!" कुठल्याही कथेला तो बसे. शाळेत हजेरी घेतल्यासारखी मी अंकाची अनुक्रमणिका उघडी, नावे उतरवी, आणि खाली शिक्का मारी. शिक्का मात्र फार सुबक उमटे. पहिल्या आठवड्यात चाळीस कार्डे पेटीत पडली.

तीन उत्तरे आली. दोघांनी आभार मानले होते. तिसरे उत्तर विदर्भातल्या एका गावाहून आले. लिहिणारे गृहस्थ वयाने सत्तरीच्या पुढचे, अक्षर मात्र मोत्यासारखे. ते पत्र मला तोंडपाठ झाले आहे:

"सप्रेम नमस्कार. आपले कार्ड पावले. आपणांस माझ्या कथेचा शेवट विलक्षण वाटला, हे वाचून आनंद झाला. सदर अंकात माझी कथा पान ११२ वर तुटली असून उरलेला मजकूर पान १८६ वर पाहावा, अशी सूचना आहे. पान १८६ वर केशतेलाची जाहिरात आहे. शेवटचे पान छापखान्यात गहाळ झाले. तेव्हा आपले अभिनंदन छापखान्याकडे पोचवीत आहे. आपली कादंबरी कशी आहे ते कार्डावरून कळले नाही. परंतु शिक्का स्पष्ट उमटला आहे. कळावे, लोभ असावा."

मी ते पत्र हातात धरून दारातच उभी राहिले. कानांतून वाफ निघणे म्हणजे काय, ते त्या दिवशी समजले. वर्गात मुलगा न काढलेले चित्र 'घरी राहिले बाई' म्हणून सांगतो, तेव्हा त्याचे कान असेच लाल होतात.

"काय आलंय?" सासूबाईंनी आतून विचारले.

त्यांच्यापासून लपवण्यासारखे माझ्याजवळ काही उरलेच नव्हते. मी पत्र वाचून दाखवले. आधी त्या हसू लागल्या. डोळ्यांना पदर लावून हसल्या. मग थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, रिकामी ताटली पाठवलीस की! आणि नाव मात्र वर घातलंस."

मी काही बोलले नाही. जरा वेळाने त्याच पुन्हा म्हणाल्या, "नाव घालू नये असं नाही हो. नाव नसेल तर ताटली परत कशी यायची? पण आधी त्यात काहीतरी वाढावं लागतं."

त्या रात्री मी तो अंक काढला आणि ती कथा पहिल्या ओळीपासून वाचली. एका बंद पडलेल्या आगगाडीच्या फाट्यावर राहणारा म्हातारा रेल्वे कामगार, रोज रात्री गाडीच्या वेळेला कंदील घेऊन रुळांपाशी जाणारा. अंगणात मांजर फिरावी तशी हलक्या पावलांची भाषा. म्हातारा कंदील वर उचलतो, समोरून कोणीतरी येत असते. आणि तिथेच पान संपते. मी खरोखरच पान १८६ उघडले. केशतेल होते.

पुढे काय झाले असेल, या विचाराने मला झोप येईना. अंथरुणातून उठले आणि चार पाने लिहून काढली. आधी क्षमा मागितली. मग लिहिले की कंदिलाच्या काचेवरची काजळी म्हातारा पुसतो, तो परिच्छेद मला का आवडला. माझे आजोबा आमच्या घरातली काच तशीच, रांगोळीची चिमूट घेऊन पुसत. आणि शेवटी, मला सुचलेला शेवट: म्हाताऱ्याला गाडीचा भास होतो आणि तो रुळांवरच प्राण सोडतो. खाली फक्त नाव आणि पत्ता. शिक्का मारायला हात गेला होता, मागे घेतला.

आठव्या दिवशी जाड पाकीट आले. त्यांनी गळालेले पान स्वतःच्या हाताने उतरवून पाठवले होते. समोरून येणारा असतो शेजारचा एक पोरगा. घरी वीज नाही, परीक्षा आहे, म्हणून कंदील मागायला आलेला. म्हातारा कंदील देतो आणि अंधारातून घरी परततो. बस्स. खाली एक ओळ होती: "आपण माणसाला मारून गोष्ट संपवलीत. नवे लेखक असे करतात. कागदावर मरण स्वस्त पडते."

हा आमच्या पत्रव्यवहाराचा आरंभ. पुढच्या वर्षी, २०२० च्या मार्चअखेर सगळा देश घरात बसला, टपाल रेंगाळले. त्यांचे एक पत्र दोन महिन्यांनी आले. पण आले. त्यांनी माझी कादंबरी मागवली तीही मनीऑर्डरने किंमत पाठवून. मी भेट देऊ केली होती. त्यावर त्यांनी लिहिले, "फुकट आलेल्या पुस्तकाची माणूस न वाचताच स्तुती करतो. आपणांस अनुभव आहेच."

कादंबरी वाचून त्यांनी जे लिहिले, ते वाचून मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. "ही शिक्षिकेची कादंबरी आहे," असे त्यांचे म्हणणे होते. "आपली पात्रे आपल्या परवानगीशिवाय वर्गाबाहेर जात नाहीत. सातव्या प्रकरणातल्या आईला आपण शिक्षा केली आहे. तिचे म्हणणे ऐकलेले नाही." तिसऱ्या दिवशी सातवे प्रकरण पुन्हा वाचले. त्यांचे खरे होते. माझ्या दुसऱ्या कादंबरीतली आई बोलते, भांडते, घर सोडूनही जाते. तिला जायची परवानगी मी दिली, ती त्या पत्रामुळे.

उरलेल्या साठ कार्डांचे काय केले म्हणाल, तर ती मी वापरली. पण सावकाश, महिन्याला एक-दोन. हळूहळू माझे काही नियम ठरले. लिखाण पुरते वाचल्याखेरीज लिहायचे नाही. दहा गोष्टी आवडल्या तरी एकच सांगायची, पण ती नेमकी सांगायची. 'भाषा ओघवती' असे म्हणायचे नाही. कुठली ओळ वाचताना हातातले काम थांबले, ते सांगायचे. आपल्याला त्या विषयातले काही ठाऊक असेल, तर त्याची भर घालायची. खटकले असेल तर तेही सांगायचे, पण आधी स्वतः पडताळून.

याचे एक उदाहरण सांगते. एका लेखिकाबाईंच्या कथेत लक्ष्मीपूजनाच्या रात्री नायिका अंगणात उभी आहे आणि पूर्वेला चंद्र वर येतो आहे. कथा मला मनापासून आवडली होती. मी लिहिले, "माझ्या वर्गातली मुले दरवर्षी दिवाळीचे चित्र काढतात आणि आकाशकंदिलाशेजारी वाटोळा चंद्र काढून ठेवतात. मी दरवर्षी सांगते, अरे, ती आश्विनातली अमावास्या! आपल्या नायिकेला चंद्राची गरज नाही; अंगणातल्या पणत्यांच्या उजेडात तिचा चेहरा अधिक चांगला दिसेल." बाईंचे उत्तर आले: "संपादकांनी, मुद्रितशोधकांनी आणि माझ्या यजमानांनी वाचूनही हा चंद्र तसाच राहिला होता!" पुढे कथासंग्रह निघाला, त्यात पणत्या आहेत. त्या बाईंनी माझी कादंबरी आपल्या गावच्या वाचनालयाला घ्यायला लावली, आणि वाचनालयातून आणखी चौघींनी.

सगळेच असे नसतात. एका विद्वान गृहस्थांना मी त्यांच्या लेखाबद्दल एक शंका विचारली. त्यांनी उलटटपाली विचारले, "आपले शिक्षण किती?" मी लिहिले, "मॅट्रिक." तो पत्रव्यवहार तिथेच संपला. आधी वाईट वाटले. मग वाटले, शंका अजून तशीच आहे. म्हणजे ती चांगली असावी.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळे निःस्वार्थ होते का? मुळीच नाही. दिवाणाखाली गठ्ठे होते, आणि ते कमी व्हावेत ही इच्छा माझ्या प्रत्येक पत्राच्या पाठीशी उभी होती. मी संत नव्हे. मात्र आपल्याकडे संतांनीही आपले नाव अगदीच वगळले नाही. अभंगाच्या अखेरीला तुका येतो, नामा येतो, जनी येते. ती नाममुद्रा असते शेवटी. सांगायचे ते सांगून झाल्यावर. आणि दुसऱ्याच्या लिखाणावर लिहिणे यात कमीपणा मानायचा, तर आपली ज्ञानेश्वरी कुठे जाईल? सातशे श्लोकांच्या गीतेवर शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला सांगितलेली सुमारे नऊ हजार ओव्यांची ती टीकाच आहे. 'टीका' या शब्दाचा पूर्वीचा अर्थ मूळ ग्रंथाचा अर्थ उलगडून दाखवणे असा होता. आता टीका म्हटले की माणूस आधी चेहरा वाकडा करतो. शब्दालाही वाईट दिवस येतात.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतले आहे. वॉल्ट व्हिटमन हा कवी तरुणपणी काही वर्षे माझ्यासारखाच शाळामास्तर होता, आणि त्यानेही आपले पुस्तक पदरमोड करून काढले. 'लीव्हज ऑफ ग्रास' १८५५ साली निघाले, तेव्हा त्याच्या मुखपृष्ठामागच्या शीर्षकाच्या पानावर कवीचे नावच नव्हते. शेजारी नुसते चित्र होते. प्रत एमर्सनकडे गेली. एमर्सन त्या काळचा केवढा मोठा लेखक. पण त्याने या अनोळखी माणसाचे पुस्तक वाचून मनापासून गौरवाचे पत्र लिहिले. व्हिटमनने काय करावे? पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती काढली आणि त्या खासगी पत्रातले एक वाक्य, एमर्सनच्या नावासकट, सोनेरी अक्षरांत पुस्तकाच्या कण्यावर छापले. त्याला न विचारता! एवढ्यावरही न थांबता त्याने आपल्याच पुस्तकाची निनावी परीक्षणे लिहून वर्तमानपत्रांतून छापून आणली. तो फार मोठा कवी होता, आणि त्याचे पुस्तक आजही वाचले जाते. म्हणून आपण त्याला हसून सोडून देतो. मी ही गोष्ट वाचली तेव्हा मात्र मला माझा रबरी शिक्का आठवला आणि जरा धीर आला. आपण एकट्याच तशा नव्हतो!

आणि आपल्याजवळचे उदाहरण हवे असेल तर सुनीताबाई देशपांडे यांचे घ्या. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहत, माणसांत फारसे मिसळत नसत. सुनीताबाईंनी त्यांना जी पत्रे लिहिली, त्यांचे पुढे 'प्रिय जी. ए.' हे पुस्तक झाले. एका वाचकाने एका लेखकाला लिहिलेली पत्रे स्वतःच वाङ्मय होऊन बसली. पत्रात वाढलेले अन्न सकस असले, की ते असे टिकते.

हल्ली पत्रे कोण लिहितो? फोनवर अंगठा उमटवायची सोय झाली आहे. पूर्वी ज्याला लिहिता येत नसे तो अंगठा उमटवी. आता ज्यांना उत्तम लिहिता येते तेही अंगठाच उमटवतात. मीही उमटवते. वेळ नसतो. पण लिहिणाऱ्या माणसाला त्याने काय मिळते, हे मला ठाऊक आहे. कारण मलाही पुष्कळ अंगठे येतात.

आता शेवटची गोष्ट. हे पान मात्र मी गाळणार नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात विदर्भातून टपालाने एक पुडके आले. अक्षर ओळखीचे नव्हते. आत माझी कादंबरी होती. मनीऑर्डर पाठवून त्यांनी घेतलेली तीच प्रत. सोबत त्यांच्या सुनेचे पत्र. "बाबा गेल्या महिन्यात गेले. हे पुस्तक आपणांस परत पाठवावे, असे त्यांनी सांगून ठेवले होते. ते म्हणाले, भांडे त्यांचे आहे."

भांड्यांची ती गोष्ट मी कधीतरी त्यांना पत्रातून कळवली होती.

मी पुस्तक उघडले. पानापानाच्या समासात बारीक पेन्सिलीने लिहिलेले होते. कुठे प्रश्न, कुठे नुसती रेघ, कुठे 'वा!' सातव्या प्रकरणापाशी तर समास भरून मजकूर वळसा घालून वर गेला होता. दोन वेळा वाचले असावे. काही शेरे पुसून, बदलून लिहिले होते. अगदी अखेरच्या पानावर, शेवटच्या ओळीखाली, ते मोत्याचे अक्षर जरा थरथरलेले:

"शेवटचे पान शाबूत आहे. खात्री करून घेतली. शेवट आवडला."

मी ते सासूबाईंना दाखवले. चष्मा लावून त्यांनी ते वाचले. मग पुस्तक मिटले, उलटे केले, सवयीने, मागचा भाग पाहिला, आणि हळूच म्हणाल्या, "भरून पाठवलं गं त्यांनी."

त्या वर्षी दिवाळीच्या आधी भांडी उतरली, तेव्हा सासूबाईंनी एक मोठा स्टीलचा डबा बाजूला काढला. त्यांच्या लग्नातला, बुडावर मामंजींचे नाव आणि साल. ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलेले असते, तिथे दिवाळीला कढई चढत नाही. अशा घरी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी फराळ पोचवायचा, ही आपली रीत. "आपण शेजारी नाही, आई," मी म्हटले. "दोन दिवसांची वाट आहे."

"पाच वर्षं ये-जा होती ना?" त्या म्हणाल्या. "मग शेजारीच."

चकल्या मोडू नयेत म्हणून कागद घालून डबा भरला. करंज्या वर, शंकरपाळे फटींतून. शिवून, बांधून मी तो पाठवायला निघाले, तेव्हा मनात आले, आत एखादी चिठ्ठी घालावी का? काय लिहावे? टेबलाच्या खणात तो रबरी शिक्का अजून पडून होता. त्याकडे पाहून मला हसू आले. दिवाणाखाली अजून एकशे बारा प्रती होत्या. त्यांतल्या किती पत्रांमुळे गेल्या हे मी वहीत मांडून ठेवले आहे: तेवीस. हिशेबाने पाहिले तर धंदा बुडीत. बांगड्या काही परत आल्या नाहीत. पण सासूबाईंनी तो हिशेब मला कधी विचारला नाही, आणि आता दिवाणावर मला झोप चांगली लागते.

"चिठ्ठी नको घालायला? कोणाकडून आला ते त्यांना कळायला हवं," मी म्हटले.

"कळेल की," सासूबाई म्हणाल्या. "फराळ संपला, की डबा घासायला घेतील. बुडाशी नाव आहे."